अडतीस मीटर

विमानतळावर त्यांना सगळे तपासमामा म्हणत. घराला कुलूप लावले की ते तीनदा ओढून पाहायचे आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा. सव्वीस वर्षे त्यांनी एकच यंत्र सांभाळले. ढगातून उतरणाऱ्या वैमानिकाला ते रेडिओलहरींनी धावपट्टीची सरळ दिशा दाखवी.

आता ते बंद होणार होते. विमाने उपग्रहांच्या इशाऱ्यावर उतरणार होती आणि त्या उतरण्याचा नकाशा आखला होता मामांच्या सख्ख्या भाचीने. सोमवारपासून तो लागू व्हायचा होता.

"वरून कोण सांगतंय, ते दिसतं का तुला?" मामांनी विचारले.

"तुमच्या रेडिओलहरी दिसत होत्या वाटतं, मामा?"

मामी गालात हसल्या. मामा हसले नाहीत. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून, चष्मा पुसून ते एकेक आकडा वाचू लागले, चोर पकडायला बसल्यासारखे.

"पट्टी अडतीस मीटरनी लांब कधी झाली गं?"

"मोजणीवाल्यांनी उपग्रहावरून मोजलीय. तुमची जुनी टेप चुकली असेल."

मामांना यंत्र वाचवायचंय म्हणून ते खोट काढताहेत, असे ती बोलली नाही. चेहऱ्यावर मात्र ते होते.

दुसऱ्या दिवशी परवानगी काढून मामा मोजायचे चाक ढकलत पट्टीवर गेले. पट्टी जिथे सुरू होते तिथल्या पांढऱ्या रेघांपासून मागे, बरोबर अडतीस मीटरवर ते थांबले आणि तिथेच उकिडवे बसले. डांबरात एक खिळा होता, भोवती पांढरे वर्तुळ. तो त्यांनीच ठोकला होता. यंत्राची दिशा तपासताना पाऊल रोज एकाच जागी पडावे म्हणून. कुणाला न विचारता, कुठे न नोंदवता. मोजणीवाले आले त्या आठवड्यात रेघा नव्याने रंगवायला खरवडल्या होत्या. त्यांनी हा खिळाच पट्टीची सुरुवात धरला.

शुक्रवारी नवा नकाशा तपासायला चाचणीचे विमान यायचे होते. मामा गप्प राहिले असते तर चूक त्यात सापडली असती, नाव भाचीचे खराब झाले असते आणि यंत्र आणखी वर्षभर तरी चालले असते. हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही, असे मी म्हणणार नाही. पण चाचणीत चूक निसटली तर ढगातून उतरणारे विमान पट्टीच्या अलीकडेच टेकायचे. मामा थेट भाचीच्या कचेरीत गेले.

"खिळा माझा आहे."

सगळे ऐकून तिने विचारले, "मुद्दाम ठोकला नाही ना?"

"एकोणीस वर्षांपूर्वी? तेव्हा तू तिसरीत होतीस."

"लेखी द्याल?"

"देतो. पण माझ्या शब्दावर आकडा बदलू नकोस. परत मोज."

दुपारी मामा खऱ्या रेघेवर मोजणीची काठी उभी धरून राहिले. भाचीने दुरून मोजणीच्या दुर्बिणीतून पाहिले, मग चालत आली आणि काठी ओळंब्यात आहे का, हे वाकून स्वतः पाहिले.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा वाकली.

मामांनी काठी जराही हलू दिली नाही.