गोलकीपर बदलला त्या वर्षी

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. हॉकीबद्दल लिहावं ते चांगलं खेळलेल्यांनी. मी पिंपरीतल्या एका साध्या क्लबचा फुलबॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहून चेंडू अडवणारा, तोही रडतखडत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे शेजारपाजारचे लोक रेशनकार्डापासून मीटरच्या तक्रारीपर्यंतचे अर्ज माझ्याकडून लिहून घेतात. अर्जात काय मागायचं ते आधीच ठरलेलं असतं. इथं ते ठरलेलं नाही, म्हणून हात अडखळतोय. पण एक गोल माझ्यामुळे झाला आणि नाव दुसऱ्याचं खराब झालं, एवढं तरी कुठंतरी लिहिलेलं असावं असं वाटतं.

मी बारावीत असताना क्लबात आलो तेव्हा संघ मोडायला लागला होता. मोठे खेळाडू एकेक करून गळाले. कुणाची शिफ्ट बदलली, कुणाचं लग्न झालं. एक जण वाकडला आयटीत लागला आणि पुढं फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठा पाठवण्यापुरता उरला. आमच्या कोचनी, म्हणजे सरांनी, मग कॉलेजातली आणि आयटीआयमधली पोरं गोळा केली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "दोन वर्षं हरायचंय. नीट हरायला शिका." पहिला भाग आम्हाला लगेच जमला.

जुन्यांतला एकटा उरला होता गोलकीपर. त्याला आम्ही दादा म्हणायचो. तिशी उलटलेली, कुरुळीतलं जुनं घर, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला. मीही कुरुळीतच राहतो, पण आमची भाड्याची खोली. वडील वाशीमकडून इथं प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, कामाला आले ते इथलेच झाले. दादाच्या मोटारसायकलवर मागं बसून मी रोज सकाळी पिंपरीच्या मैदानावर जायचो.

दादा हातापायांपेक्षा तोंडानं जास्त गोल अडवायचा. सामना सुरू झाला की मागून त्याचा आवाज सुरू. "डावीकडं बघ. डावीकडं रं! ज्या हातानं जेवत न्हाईस त्यो डावा!" नाहीतर, "आरं सरक की, फोटू काढायचाय व्हय तिथं?" समोरच्या संघातली पोरंसुद्धा हसायची. पण त्याचा एक शब्द आम्ही कधी हसण्यावारी नेला नाही. तो "हाय!" म्हणाला की समजायचं, मी हाय, तू सोड. चेंडू अंगावर आला तरी आम्ही बाजूला व्हायचो आणि मागं त्याच्या पॅडवर तो आदळल्याचा आवाज यायचा. मागं वळून बघायचीही गरज पडायची नाही.

मी क्लबात येऊन तीन वर्षं झाली, त्या दिवाळीनंतर एका मोठ्या कंपनीच्या संघानं दादाला बोलावलं. नोकरी वर्षभर शिकाऊ म्हणून, मग कायम. दादाला दोन मुली. दर काही महिन्यांनी कंत्राट संपायचं, मग घरी बसायचं, मग पुन्हा गेटवर जायचं, असं त्याचं चाललं होतं. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. फक्त क्लबचं ना हरकत पत्र लागत होतं, आणि ते सरांच्या हातात होतं. सरांनी पत्र दिलं, पण एक अट घातली. तुमचा दुसरा गोलकीपर आम्हाला द्या. तो पोरगा तिथं अख्खा हंगाम बाकावर बसून होता. कंपनीनं लगेच कबूल केलं, वर पॅडचा एक नवा जोडही दिला.

"माणूस दिला आन पॅड घेतले," आमचा सेंटर फॉरवर्ड टर्फवर थुंकल्यासारखं करून म्हणाला.

सर मागंच उभे होते. "पॅडच्या आत पण माणूस आहे," ते म्हणाले. "उद्या साडेसहाला येतोय. वेळेवर या."

नवा गोलकीपर लातूरकडचा निघाला. वीस वर्षांचा, क्रीडा वसतिगृहात वाढलेला, लांब हातांचा. कुरुळीत वेल्डर असलेल्या चुलतभावाकडं राहायचा. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला सरळ सांगून टाकलं, "मी मागून लई बोलत नसतो. तुम्हाला समोर दिसायलंच की."

आम्हाला ते उद्धट वाटलं. खरं तर आम्हाला समोर काही दिसत नव्हतं. तीन वर्षं आम्ही कानांनी खेळत होतो. दादा सांगेल तिकडं सरकायचं, सांगेल तेव्हा थांबायचं. आता मागं शांतता होती आणि त्या शांततेत प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा. सरावात चेंडू आमच्यातून असा जायचा, जसा उघड्या फाटकातून कुत्रा जातो.

दादाची मोटारसायकल आता कंपनीच्या मैदानाकडं वळल्यामुळे मी आणि नवा गोलकीपर एकाच बसनं जायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी मीच विचारलं, कंपनी सोडून इथं यायला कसा तयार झालास?

"तिथं बसून बसून पँट झिजायली होती," तो म्हणाला.  भोसरी आल्यावर बाकीचं स्वतःच बोलला. त्याच्या बापानं त्याला एक वर्ष दिलं होतं. जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर खेळ, नाहीतर गावाकडं मामाच्या वर्कशॉपात ट्रॉल्या वेल्डिंग करायच्या. वर्षातले चार महिने उरले होते. निवडकर्ते लीगचे सामने बघून संघ निवडणार होते, म्हणून बाकावरून उठून तो आमच्याकडं आला होता.

"वेल्डिंग काही वाईट काम नाही," मी उगाच म्हणालो.

"वाईट कशानं? चांगलंच हाय. पण मला गोलात उभं राहायचंय."

त्यानंतरचा पहिलाच सामना. शेडखाली तीन निवडकर्ते वह्या घेऊन बसलेले. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. त्यानं दोन पेनल्टी कॉर्नर असे अडवले की आमचा सेंटर फॉरवर्डसुद्धा "अरे वा" म्हणाला. मग शेवटच्या दहा मिनिटांत एक उंच चेंडू उडत आला, आमच्या डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, कडेला टप्पा पडला आणि माझ्या कमरेएवढा उसळला. तो मी स्टिकवर घेणार, तोच मागून आवाज आला.

"हाय!"

मी सोडला. तीन वर्षांची सवय, पाय आपोआप बाजूला झाले. मागं पॅडवर आदळल्याचा आवाज आलाच नाही. वळून बघितलं तर तो गोलाच्या दुसऱ्या बाजूला कोन धरून उभा होता, आणि मधल्या मोकळ्या जागेत समोरच्या फॉरवर्डनं चेंडूला हळूच स्टिक लावली होती. सामना आम्ही एक-शून्यनं हरलो. शेडखाली एक निवडकर्ता मान हलवत वहीत काहीतरी लिहीत होता.

बाहेर येताना सेंटर फॉरवर्ड मला ऐकू जाईल असं म्हणाला, "हाय म्हणतो आणि असतो कुठं? भलतीकडं!" मी स्टिक पिशवीत कोंबली.  नवा गोलकीपर पॅड सोडून पिशवीत भरत राहिला. बसमध्ये त्या दिवशी तो पुढच्या दारापाशी उभा राहिला आणि मी मागच्या सीटवर बसलो.

मला दोन दिवस कळलं नाही की झालं काय. मग तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर मुलं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी चेंडू हवेत मारला आणि कुणीतरी ओरडलं, "हाय बॉल, हाय बॉल!" मी चालता चालता थांबलो. तो मला सांगत होता, चेंडू उंच आहे, सांभाळ. आणि मी ऐकलं होतं, मी आहे, सोड.

आता हे कुणाला सांगायचं, हे मला सुचेना. मला येतं तेच मी केलं. अर्ज लिहिला. प्रति, मा. निवड समिती, विषय: झालेल्या गोलबाबत खुलासा. चूक गोलकीपरची नसून माझी आहे, तरी त्याच्या निवडीवर परिणाम होऊ नये ही विनंती. खाली सही करून सरांकडं नेला. सरांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला.

"गोलचा कुणी अर्ज करतं का रे? निवडकर्ते अर्ज वाचत नाहीत, खेळ बघतात. ते अजून एक सामना बघायला येणार आहेत." मग चष्मा काढत म्हणाले, "आणि मला काय सांगतोस? ज्याला सांगायचं त्याला सांगितलंस का?"

दुसऱ्या दिवशी बस थांब्यावर मी त्याला सांगितलं. बोलताना माझं ततपप झालं. तो इतका हसला की थांब्यावरच्या बाईनं पिशवी बाजूला ओढून घेतली.

"आरं, मला वाटलं मी तुला पसंत न्हाई, म्हणून मुद्दाम सोडलास!"

"पण तुझ्या गावाकडं पण हायच म्हणतात ना? तू स्वतः म्हणतोस."

"घरात हाय म्हणजे हाय. मैदानात हाय म्हणजे वर! हॉस्टेलचे सर म्हणायचे, मैदानात फक्त इंग्रजी. ते डोक्यात बसलंय, काय करू?"

त्या दिवशी सराव सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगितलं की गोल माझा होता. सेंटर फॉरवर्ड म्हणाला, "भावा, मग इतके दिवस काय मुहूर्त बघत होतास?" तेवढ्यावर भागलं. मग आम्ही डीमध्ये गोलाकार बसलो आणि शब्द ठरवले. गोलकीपर घेणार असेल तर "माझा", आमच्यावर सोडणार असेल तर "तुझा". उंच चेंडूला एकानं "पतंग" सुचवलं आणि तेच पक्कं झालं. पण खरी गोष्ट गोलकीपर नंतर बोलला. "मी मागनं सगळं सांगितलं तर तुम्ही कवा शिकणार? तुला दिसायलंय ते तू ओरड. मी ऐकतो."

गोलकीपरनं आपलं ऐकायचं, हे आम्हाला नवीनच होतं. पहिले काही दिवस आम्ही लाजत कुजबुजल्यासारखे ओरडायचो. आमच्यात अकरावीतला एक हाफबॅक होता. त्याचा आवाज मी वर्षभरात क्वचित ऐकला असेल. एका सकाळी तो अचानक किंचाळला, "उजवा मोकळाय, झोपलात का सगळे!" सराव थांबला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तो कानापर्यंत लाल झाला. सर लांबून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. झोपलाच होतात." त्या दिवसापासून त्याला गप्प बसवणं अवघड झालं.

निवडकर्ते बघणार होते तो दुसरा सामना नेमका कंपनीच्या संघाशी होता. समोरच्या गोलात दादा. कंपनीचा नवा कोरा पोशाख त्याला पोटावर घट्ट होत होता. सामना सुरू झाला आणि आम्ही बोलायला लागलो, सगळेच एकदम, बाजार भरल्यासारखे. पहिल्याच हल्ल्यात "माझा" ऐकू आलं. मी बाजूला झालो, आणि मागं पॅडवर तो जुना, जाड आवाज आला. दुसऱ्यांदा "पतंग!" ऐकू आलं आणि मी छातीपाशी आलेला चेंडू स्टिकवर घेऊन बाहेर काढला. फटका काही सरळ बसला नाही, पण चेंडू बाहेर गेला हे खरं.

मध्येच एकदा आमची डावी बाजू उघडी पडली आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून ओळखीचा आवाज आला, "डावीकडं बघ की रं!" आम्ही बघितलं आणि वाचलो. कंपनीचा कप्तान दोन्ही हात पसरून दादाकडं बघत राहिला. "अहो, तुम्ही कुणाकडून खेळताय?" दादा हेल्मेटच्या आतून म्हणाला, "सवय हाय राव, जाईल हळूहळू."

दोन-एकनं हरलो. पण त्यांचे सहा पेनल्टी कॉर्नर होते आणि आमच्या गोलकीपरनं त्यातले पाच अडवले. एकात तर आडवा पडून त्यानं हातानं चेंडू बाहेर ढकलला, आणि शेडखालचा एक निवडकर्ता खुर्चीतून अर्धा उठला. मी तेवढंच बघितलं. त्यानं वहीत काय लिहिलं ते बघण्याची हिंमत झाली नाही.

यादी आठवड्यात लागणार म्हणाले होते. दोन आठवडे गेले. गोलकीपरला मामाचे दोन फोन येऊन गेले. तो रोज सरावाला येत होता, पण बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसायचा आणि मी विषय काढत नव्हतो. एकदा त्यानं विचारलं, "वेल्डिंगचा कोर्स आयटीआयला किती वर्षांचा असतो रे?" मी माहीत असूनही माहीत नाही म्हणालो.

त्या गुरुवारी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. बाहेर येऊन फोन चालू केला तर दादाचे चार कॉल येऊन गेलेले. मी लावला. मागं कारखान्यातलं मशीन घरघरत होतं आणि दादा त्याच्यावर आवाज चढवून बोलत होता.

"आरं, कुठं हायेस? आमच्या कोचकडं यादी आलीया. तुमच्या त्या पोराला फोन लावतुया, त्याचा लागंना. तू सांग त्याला. जिल्ह्याच्या संघात नाव लागलंय. दुसरा गोलकीपर म्हणून. सोमवारी शिबिराला हजर व्हायचंय."