उजव्या सीटवरचं वजन

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कामोठ्यात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. वर्गात कुणी अमावास्येचं काही काढलं की आधी त्यालाच फळ्यापाशी उभं करतो. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण लिहितो.

मी आणि माझा मित्र इम्तियाज, आम्ही दोघांनी मिळून एक छोटं विमान बांधलं. दोन सीटचं. पनवेलजवळ नेऱ्याला, त्याच्या शेतावरच्या शेडमध्ये. इम्तियाज आखातात विमानदुरुस्तीचं काम करून परतलेला, त्यामुळे पत्रे, रिव्हेट, इंजिन सगळं त्याचं. उडवायचा परवाना आणि बडबड माझी. गंमत म्हणजे त्या विमानात तो एकदाही उडाला नव्हता. चाचणी पूर्ण होईपर्यंत दुसरा माणूस बसवायचा नाही, असा नियम. दोघांचं वजन विमानाला कसं झेपतं ते कळावं म्हणून मी उजव्या सीटवर वाळूची पोती बांधून उडायचो.

"पोत्यांचं नशीब बघ यार," इम्तियाज म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात पुण्यापलीकडे हौशी वैमानिकांची शर्यत होती. आमची चाचणी जेमतेम निघायच्या आदल्या दिवशी संपली. आता तो बसू शकत होता, पण भरलेल्या टाक्या आणि आम्ही दोघं—इम्तियाज म्हणजे चांगला भरभक्कम गडी—एवढं वजन घेऊन घाट ओलांडणं धोक्याचं. हिशेब मीच केला होता. आणि दुपारपर्यंत तिथे पोचलो नाही तर शर्यतीतून बाद.

"जा तू. मी आणि तुझी शबानाभाभी गाडीने येतो," तो म्हणाला. रिकाम्या सीटचा पट्टा सुटून कशात अडकू नये म्हणून त्यानेच तो आवळून बांधला. तोंड मात्र एवढंसं झालं होतं.

उडायला विमान पळवलं... आणि वाटलं, पोती काढायची राहिली की काय! विमान जमीन सोडेना. सोडली तर उजवीकडे कलायला लागलं. वळून पाहिलं. सीट रिकामी, पट्टा बांधलेला. दोन्ही टाक्यांत पेट्रोल सारखं, इंजिन ठणठणीत. पण हातातला विमान वळवायचा दांडा सांगत होता की शेजारी कुणीतरी बसलंय. घाबरलो नाही, खरंच. उलट खुळ्यासारखा प्रयोग करत बसलो. डावीकडे वळवून बघ, उजवीकडे वळवून बघ... दर वेळी तेच.

घाट जवळ आला आणि उंची मिळेना. परत फिरायचं म्हणजे शर्यत गेली, एवढ्या वर्षांची मेहनत गेली. वैतागून, अर्धवट थट्टेत मी मोठ्याने म्हणालो, "इम्त्या, उतर रे बाबा! ओझं झालंय तुझं."

आणि विमान वर चढायला लागलं. झटका नाही, आवाज नाही. घाट आरामात ओलांडला.

तिकडे उतरून चहा घेत होतो, तेव्हा ते दोघं आले. शबानाभाभी म्हणाली, "सुहासभाई, मी गाडी सुरू केली आणि यांचा डोळा लागला. मग घाट यायच्या आधीच एकदम दचकून उठले."

विमानात काय झालं ते मी अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. इम्तियाज विमानाकडे बघत म्हणाला, "ओझं झालं, कबूल. पण आणखी थोडा वेळ बसू दिलं असतंस यार... घाट वरून बघायचा राहिला."

फार वाईट वाटलं.

घाटाजवळ वारा विमानाला खाली ढकलतो, हे मीच मुलांना शिकवतो. वजनाचं काहीतरी कारण सांगताही येईल. पण माझं ते वाक्य गाडीत झोपलेल्या माणसापर्यंत कसं पोचलं? आमच्या दोघांत रेडिओ नव्हता, फोन बंद होता.

शर्यतीत मी एकटाच उडणार होतो. वजन कमी म्हणजे वेग जास्त. पण दुसऱ्या दिवशी त्याला उजव्या सीटवर बसवलं. पठारावर घाट थोडाच होता! उडालो तेव्हा दांडा हाताला अगदी आदल्या दिवसासारखाच लागला. बाकीची विमानं बघता बघता पुढे निघून गेली. इम्तियाज काचेला नाक लावून खाली बघत होता.

"जड होतंय का रे?" त्याने न वळताच विचारलं.

"बस गुमान," मी म्हटलं.