टोळीचे डबे

नामाला एरवी सहसा राग येत नाही. चहा कोमट असला तरी तो चालवून घेतो, पण त्याच्या खांद्यावर कुणी शंका घेतलेली त्याला खपत नाही. आणि का खपावी? वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात या माणसाने उमेदीची सगळी वर्षं पाठीवरून गोण्या वाहिल्या. कोरेगावकडून आला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. निवृत्त झाला तेव्हा कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत स्वतःचं घर होतं, पोरगी चांगल्या घरी पडली होती आणि पोरगा तळोज्याला नोकरीला लागला होता.

मग छातीचं ऑपरेशन झालं आणि गडी पार खचला. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल हिंडाफिरा, थोडंफार ओझं उचललं तरी हरकत नाही, फक्त घाबरून बसू नका. नामा नेमका घाबरून बसला. मोरीपर्यंत जायचं तरी बायकोचा, पुतळाचा हात हवा. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पुतळाचा हात काही सुटेना. मार्केटातल्या हमालांच्या टोळीतले जुने सोबती आप्पा आणि कान्हा भेटायला आले की हा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. हा माणूस आता असाच अंथरुणाला खिळणार, या धास्तीने पुतळाला अन्न गोड लागेना.

शेवटी आप्पाने टोळीचा कायदा काढला. मार्केटात दुपारी सगळी टोळी एकत्र जेवायची. खाडा करून परत आलेल्या गड्याने त्या दिवशी सगळ्यांचे डबे उचलून जेवायच्या जागी न्यायचे, आणि तो पोचेस्तोवर कुणी घास मोडायचा नाही, अशी त्यांची जुनी रीत होती.

"लय खाडं झालं तुजं," आप्पा त्याच्या उशाशी बसून म्हणाला. "रविवारी बागेत जेवायचं. डबं तू आणायचं."

"मला न्हाय जमायचं."

"मग आमी उपाशी बसू. तुजी मर्जी."

रविवारी बागेच्या फाटकाशी कान्हाने डब्यांची पिशवी नामाच्या पुढ्यात ठेवली. आप्पा सतरंजी घेऊन आधीच पार पलीकडच्या टोकाला, झाडाखाली जाऊन बसला होता. नामाने एका हाताने पुतळाला धरलं, दुसऱ्या हाताने पिशवी उचलली आणि जागच्या जागी थांबला.

"ह्यात काय हाय?"

"डबं," कान्हा म्हणाला.

"डबं हायत. जेवान कुठं हाय?"

कान्हाने पुतळाकडे बघितलं. पुतळा आपली पिशवी पदराआड लपवू लागली. भाकरी, भरीत, झुणका सगळं तिने स्वतःच्या पिशवीत भरलं होतं आणि नवऱ्याला रिकामे डबे दिले होते. जन्मभर गोण्या उचललेल्या माणसाला वजन कळणार नाही, असं तिला वाटलं तरी कसं कोण जाणे! वेडी माया, दुसरं काय.

"रिकामं डबं? माज्या हातात?" नामाचा पारा चढला. "आण ती पिशवी हिकडं!"

"अवं, जड हाय ती."

"जड हाय म्हनूनच आण!"

त्याने ती जवळजवळ हिसकावली, खांद्यावर टाकली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि निघाला. बूट घालून फेऱ्या मारणारी मंडळी बाजूला झाली, कारण हा बायकोसकट सगळ्या टोळीचा उद्धार करत चालला होता.

अर्ध्या वाटेवर मात्र छातीत धडधडायला लागलं. रोजची भीती उसळून वर आली. बाकावर बसावं आणि पुतळाला हाक मारावी, असं अगदी ओठांवर आलं. समोर आप्पा मांडी घालून बसला होता. त्याने बघितलं, पण तो उठला नाही. नामाने दम खाल्ला, धडधड निवू दिली, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुढे चालू लागला.

"उशीर केलास," पिशवी सतरंजीवर टेकल्यावर आप्पा म्हणाला, आणि उगाचच उपरण्याने नाक पुसत बसला.

कान्हाही रिकामे डबे घेऊन मागोमाग येऊन बसला. नामाने भाकरी काढल्या आणि पुतळाला वाढायला म्हणून वर बघितलं, तर ती अजून फाटकापाशीच उभी. उजवा हात कोपरात वाकवून जरासा पुढे धरलेला, त्याला आधार देताना धरायची तसाच. एवढे महिने तो हात तसाच धरलेला होता, आणि आपल्याला तो कधी दिसलाच नाही! नामाला भरून आलं.

तो उठला आणि होता तसा माघारी चालत गेला. मागून आप्पा ओरडत होता, "आरं, जेवायचं कवा?"

नवरा येताना दिसला तशी पुतळा लगबगीने पुढे झाली आणि सवयीने तिने हात दिला.

"मला नगं," नामा म्हणाला. "तुला न्यायला आलोय. चल, भूक लागलीय."