माझ्या वाटचं नाव

ऑपरेशन झालं आणि माझा जप सुटला. रोज दत्ताचं नाव घेणारी मी परभणीच्या दवाखान्यात, एक नळी नाकात अन् एक पोटात, नुसती छताकडे बघत पडून असायचे. अपेंडिक्स आतच फुटलं होतं. दुखणं आधी पित्ताचं वाटलं. कळेपर्यंत पू पोटभर पसरला होता.

शेजारच्या खाटेवर पालमची एक नवी नवरी होती. तिलाही अपेंडिक्सच, पण वेळेत सापडलेलं. दुर्बिणीतून काढलं आणि दुसऱ्या दिवशी ती चहा पिऊ लागली. मला पाण्याचा घोटही बंद. आतडी हलत नव्हती, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. डॉक्टर रोज विचारायचे, "वारा सरला का?" मी नकारार्थी मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "उद्यापर्यंत वाट बघू. नाहीतर पुन्हा पोट उघडावं लागेल. थोडं चाला." ते गेल्यावर मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी थकले होते. दुखणं एकच, मग तिला तसं आणि मला असं का, एवढंच मनात आलं.

दुपारी तिला घरी सोडलं. तिची सासू पिशव्या घेऊन निघाली, ती माझ्या खाटेपाशी थांबली. आमचे हे औषधं आणायला गेले होते.

"बाई, डॉक्टर चाला म्हनले न्हवं? उठा."

"मावशी, नाही होत. देवाचं नावसुद्धा तोंडात येत नाही."

"नाव मी घेते तुमच्या वाटचं. तुमी निस्ते पाय उचला."

सुनेला तिनं बाकावर बसवलं. "यष्टी काय, दुसरी बी हाय," म्हणाली. एका हातात माझी पोटाच्या नळीची पिशवी, दुसऱ्या हातानं मला धरून ती व्हरांड्यात पुटपुटत चालत राहिली. कोणत्या देवाला हाक मारत होती, मला नीट ऐकूही आलं नाही. मी भिंतीला टेकले की थांबायची, पुन्हा निघायची.

संध्याकाळी वारा सरला. डॉक्टर म्हणाले, चालल्यानं आतडी जागी झाली. तसंच असेल. मी फक्त उशीत तोंड खुपसून रडले. मावशी तोवर गेल्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

जखम भरायला फार दिवस लागले, अजूनही लवकर दमते. जपाला बसते, पण मध्येच डोळा लागतो. पूर्वी त्याची रुखरुख लागली असती. आता नाही. आपण थांबलो म्हणून देव थांबत नाही. मी पांघरूण ओढून घेते आणि निवांत झोपते.