बिराजदार बाईंची हरकत

बिराजदार बाई वर्गात आल्या की खुर्चीवर बसण्याआधी पाणी मागायच्या. "अव्वा, पाणी आण," असं ज्या मुलीकडे बघून म्हणतील, तिने कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून आणायचा. मी तिसरीत त्यांच्या वर्गात गेले तेव्हा पहिल्याच दिवशी हजेरी घेताना त्यांचं बोट माझ्या आडनावापाशी थांबलं आणि त्यांनी मला उठवलं. त्याआधीच्या वर्षांत मी शाळेतल्या कुठल्याच माठाला हात लावला नव्हता. तसं कोणी मला सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. मी तांब्या भरून नेला. बाई वर्गाकडे तोंड करून ते सगळं पाणी प्यायल्या, पदराने ओठ पुसले आणि म्हणाल्या, "गार आहे. पुस्तकं काढा."

दुसऱ्या दिवशी दोघी-तिघींच्या आया शाळेच्या दारात आल्या. बाईंनी त्यांना आत बोलावलंच नाही. उंबऱ्यावरून म्हणाल्या, "तुमच्या मुलींना तहान लागली तर माठ तिथे आहे. नाही लागली तर माझं काही म्हणणं नाही." पुढे उन्हाळा होता. सगळ्यांना तहान लागली.

बाई अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, म्हणून प्रत्येक मुलगी त्यांची अव्वा. कपाळाला विभूतीची बारीक रेघ, अंगावर कडक इस्त्रीचं सुती पातळ, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलंही सरळ बसत. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. त्यांच्या जिभेवर काही वाक्यं कायमची होती. कोणी हुंदके देत आलं की म्हणायच्या, "रडायचं असेल तर आधी गणित सोडव, मग रड." गणित सुटेपर्यंत रडू विरून जायचं. एखादी म्हणाली, "बाई, मला येत नाही," तर म्हणायच्या, "येत नाही असं नसतं, अव्वा. आलं नाही अजून, असं असतं."

सातवीनंतर आईने मला विड्या वळायला बसवायचं ठरवलं. आमची वस्ती गिरणीच्या मागे. बहुतेक घरं आम्हा बौद्धांची, काही तेलुगू विणकरांची. बाया सगळ्या विड्या वळायच्या. बाईंना कळलं तशा त्या गटाराच्या कडेने पातळ सावरत आमच्या दाराशी आल्या. आईने पोतं झटकून टाकलं, त्यावर बसल्या.

आई म्हणाली, "बाई, शिकून कुटं जायाचं हाय तिला?"

"तुला माहीत नाही तिथं," बाई म्हणाल्या. "मलाही माहीत नाही. म्हणून तर शिकवायचं."

आईने त्यांच्यापुढे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली. नको म्हणतील, हे गृहीत धरून ठेवली असणार. बाईंनी भाकरी मोडली, खाल्ली आणि आणखी चटणी मागून घेतली. आईने मग माझ्या शाळेचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मॅट्रिक झाल्यावर नवी पेठेतल्या टायपिंगच्या क्लासात मला बाईंनीच नेऊन बसवलं. नगररचनेच्या कचेरीत नोकरी लागली तेव्हा घरच्यांआधी मी त्यांना सांगायला गेले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मधल्या काळात बाईंनी घर बांधलं. आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलेलं. शिक्षकांची गृहनिर्माण संस्था निघाली, विजापूर रस्त्याच्या बाजूला मोकळ्या रानात बैठे बंगले उभे राहिले, त्यातला एक बाईंचा. वास्तुशांतीला आई आणि मी गेलो. बाईंनी आईला हाताला धरून स्वयंपाकघरापर्यंत घर दाखवलं. आई परतताना म्हणाली, "देवमाणूस हाय की गं." मलाही तेच वाटत होतं.

त्या वसाहतीला लागून एक मोठं पटांगण होतं. आमच्या वस्तीची सहकारी संस्था झाली आणि ती जागा आम्हाला द्यावी असा प्रस्ताव आमच्याच कचेरीत तयार झाला. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. गिरणीच्या मागची घरं कुडाची, पत्र्याची. पावसाळ्यात गटार घरात यायचं. आमच्याकडे एक तरुण इंजिनिअर नवा आला होता. तो वस्तीत येऊन बसला, बाया काम कसं करतात ते त्याने पाहिलं आणि नकाशा काढला. घरं रांगेत नव्हती. थोडी थोडी घरं एका चौकाभोवती, तोंडं चौकाकडे, मध्ये नळ आणि झाड. पलीकडे तसाच दुसरा चौक. उरलेली जागा मुलांना खेळायला मोकळी. बायांना अंगणात एकत्र बसून विड्या वळता याव्यात आणि पोरं नजरेसमोर राहावीत, हा त्यातला विचार.

एका रविवारी आई आणि वस्तीतल्या चार बाया ते पटांगण बघून आल्या. आईने तिथे उभं राहून ऊन कुठून येतं ते पाहिलं होतं. "सकाळी ह्या अंगाला सावली," ती मला हाताने दाखवत सांगत होती, "दुपारी तिकडं सरकायचं. लई झकास जागा हाय." मग म्हणाली, "आन् बाई शेजारी."

नियमाप्रमाणे हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या. शिक्षकांच्या वसाहतीने हरकत घेतल्याचं कचेरीत समजलं. मला चिंता वाटली नाही. बाई त्यांच्यात आहेत, त्या समजावतील असं मी घरी सांगितलं. सुनावणीला त्या स्वतः येणार आहेत हे ऐकलं तेव्हा तर मी निश्चिंत झाले. आईने वस्तीतल्या बायांना सांगून टाकलं, "बाई येनार हायती आपल्यासाटी."

सुनावणी कचेरीच्या वरच्या सभागृहात झाली. समितीचे सदस्य मंचावर, मी खाली बाजूच्या टेबलाशी नोंदी घ्यायला. आई आणि बाया मागच्या बाकांवर. वसाहतीच्या अध्यक्षांनी दोन वाक्यांत प्रस्तावना केली आणि म्हणाले, "आमच्या वतीने बिराजदार बाई बोलतील." तेव्हासुद्धा मला उलगडलं नाही.

बाई उभ्या राहिल्या. वर्गातलाच स्वच्छ आवाज.

"माझा विरोध माणसांना नाही," त्या म्हणाल्या. "या लोकांना घरं मिळालीच पाहिजेत. चांगली मिळाली पाहिजेत. पण प्रत्येक गोष्टीची एक जागा असते. आमची वसाहत अभ्यासाची आहे. शेजारी एवढी वस्ती एकदम आली, तिचं राहणं, भांडणं, तंबाखूचा धुरळा, तर मुलांवर परिणाम होणारच. संस्कार हळूहळू होतात. घाऊक होत नाहीत."

मी लिहीत होते. टाक थांबवण्याची मला मुभा नव्हती.

सदस्यांपैकी एक जण म्हणाले, "बाई, यात जातीचा प्रश्न आहे असं कुणी म्हणेल."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही समोर लिहीत बसलेली मुलगी त्याच वस्तीतली. हिला मी शिकवलंय. हिच्या घरी मी जेवलेय. मला जातीचं विचारण्याआधी हिला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कोणी काही विचारलं नाही. विचारण्याची गरज उरली नव्हती. वसाहतीने त्यांनाच का पुढे केलं, ते मला त्या क्षणी समजलं. माझ्यावर त्यांनी केलेली माया खरी होती, म्हणूनच ती तिथे उपयोगी पडली.

मागून आई उठली. बोलायला परवानगी मागतात हे तिला ठाऊक नव्हतं.

"बाई, माजी पोर तुमी शिकवली," ती म्हणाली. "तुमचं उपकार हायतीच. पर शिकल्यावर तिनं कुटं ऱ्हायाचं, ते बी सांगा की."

बाई आईकडे वळल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमचं एक घर असतं ना, तर मी माझ्या भिंतीला भिंत लावून घेतलं असतं. मनापासून सांगते."

"एकटं आमी कवा ऱ्हायलोच न्हाय, बाई," आई म्हणाली आणि खाली बसली.

समितीने प्रस्ताव फेटाळला नाही. फक्त जागा बदलली. शहराबाहेर, जकात नाक्याच्याही पलीकडे, मुरमाड माळ होता, तो आमच्या वाट्याला आला. जागा उताराची म्हणून चौक गेले. घरं सरळ रांगांत बांधली, पाठीला पाठ लावून. अंगण नाही, झाड नाही. इंजिनिअरची बदली झाली. जाताना तो नकाशाची गुंडाळी टेबलावरच सोडून गेला. बाया विड्यांची पानं आणायला पहाटे पायी निघत आणि पुष्कळजणींनी ते काम सोडलंच.

आठवडाभराने बाई कचेरीत आल्या. माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या.

"रागावलीस का गं अव्वा?"

मी म्हटलं, "नाही, बाई."

"तुला राग येणं बरोबर नाही. तुझ्यासाठी मी काय केलं नाही?"

"सगळं केलंत."

"मग?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. चेहऱ्यावर लबाडी नव्हती. असती तर मला उत्तर देता आलं असतं. मी चहा मागवला. त्यांनी घेतला, माझी चौकशी केली, लग्नाचं बघतेयस का विचारलं. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी उठून जिन्यापर्यंत गेले, पण दिवाळीला त्यांच्या घरी जायचे ते त्या वर्षीपासून बंद केलं. त्यांनीही बोलावणं धाडलं नाही.

काही वर्षांनी बाई गेल्या. कचेरीत कुणीतरी बोलता बोलता सांगितलं. मी जाणार नव्हते. आईने पायात चपला घातल्या आणि दारात उभी राहिली, म्हणून गेले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बाईंना बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, डोळे मिटलेले. वर्गात मुलींना लिहायला लावून त्या अशाच बसायच्या. पुतणे होते, माझ्या वयाच्या कितीतरी बाया होत्या, आणि त्या सगळ्या रडत होत्या. मलाही रडू आलं. ते कशाचं होतं, हे आजही मला नीट सांगता येणार नाही. आईने फुलं वाहिली आणि बाईंच्या पायांवर डोकं टेकवलं.

परतताना आम्ही त्या पटांगणावरून आलो. तिथे आता बंगल्यांचे पाये खणले जात होते. प्लॉटला तारेचं कुंपण होतं. आई कुंपणाशी थांबली.

"बाई वाईट असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"का गं?"

"भांडून मोकळी झाले असते."

आमच्या माळाकडची बस तिथून सुटत नव्हती. ती धरायला आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो.