सुराबायाच्या विमानासाठी मानपाड्यापर्यंत

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी लोक पासपोर्ट शोधतात, गोळ्यांच्या पट्ट्या मोजतात. मी त्या संध्याकाळी विमानाच्या खुर्चीचं कापड धुऊन टाकलं.

झालं असं. आमची सून सायली डोंबिवलीला मानपाड्याच्या एमआयडीसीत छोटा कारखाना चालवते. बसच्या खुर्च्यांची कव्हरं शिवायचा. दुसऱ्या दिवशी इंडोनेशियातल्या सुराबायाच्या एका विमान कंपनीच्या बाई तिचं कापड बघायला यायच्या होत्या. त्यांना दाखवायचा नमुना आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर ठेवलेला. त्यावर माझा चहा सांडला. एरवी स्वतःचा रुमाल न धुणारा मी, पण त्या दिवशी अंगात आलं. साबण लावला, खळबळून धुतलं, वर कपडे मऊ करायचं ते निळं सुगंधी औषध झाकणभर ओतलं आणि दोरीवर वाळत घातलं. कापड असं मऊ झालं होतं की मी स्वतःवर खूश झालो.

सायली कामावरून आली, दोरीकडे बघितलं आणि खुर्चीत बसली.

"बाबा, ते आग न लागणारं कापड होतं."

"मग? पाण्यात कशी लागेल आग?"

"आग न लागण्याचा लेप वरून दिलेला असतो. धुतल्यावर तो निघतो. आणि त्या निळ्या औषधाचा जो थर बसतो ना, तो उलट छान पेटतो."

माझी बायको मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा काही धुतलंत, ते पण विमानाचं."

इथे वाचकांना सांगायला हवं की हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नव्हतं. बस बांधणारे हल्ली खुर्च्या तयारच विकत घेतात, त्यामुळे सायलीचं काम आटत चाललेलं. चाकणच्या एका मोठ्या कारखान्याने तिला नोकरी देऊ केली होती. विमानाचं काम मिळालं तर मानपाड्याचा कारखाना राहणार, नाहीतर महिनाअखेर मशिनं विकून ती चाकणला जाणार. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी झाकणभर औषध ओतलं होतं.

"मूळ तागा कारखान्यात आहे," सायली म्हणाली. "उद्या त्यातूनच नवा तुकडा कापू. हाही गाडीत टाका. कसा जळतो ते मला बघायचंय."

सकाळी सायली आणि मी निघालो. लोक व्हिएतनामला जातात, बालीला जातात. मी ठाण्याहून मानपाड्याला निघालो होतो आणि उत्साह मात्र बालीचा होता. नवा शर्ट घातला होता. गाडी पुसली होती. खोपटच्या एसटी डेपोमागच्या हॉटेलातून पाहुण्या बाईंना घेतलं. नाव रत्ना. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, पायात बूट, हातात स्टीलची पाण्याची बाटली. नाव ऐकताच मी म्हणालो, "अहो, माझ्या मावशीचं नाव रत्ना." इंग्रजीत हे वाक्य मी जसं केलं ते इथे लिहीत नाही. त्यांना कळलं, आणि तेवढ्यावर आमचं जमलं. पुढचं सगळं बोलणं इंग्रजीतलंच. मी आपल्या सोयीने मराठीत सांगतोय.

कळव्याचा पूल ओलांडला, मुंब्र्याच्या बायपासला लागलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली पसरलेलं गाव आणि मागे चकाकणारी खाडी. रत्नाताईंनी काच खाली केली आणि फोटो काढले. मला इतकी वर्षं हा रस्ता फक्त ट्रकांचा वाटत होता. पाहुणा बरोबर असला की आपला रस्ताही नट्टापट्टा करून येतो.

शिळफाट्याला मात्र थांबलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आम्ही.

"माचेत," रत्नाताई म्हणाल्या. (माचेत म्हणजे वाहतुकीची कोंडी.) "आमच्याकडे रोज असते."

"आमच्याकडे हिला शिळफाटाच म्हणतात," मी म्हणालो.

गाडी उभी होती म्हणून गप्पा सुरू झाल्या. मी विचारलं, एवढ्या लांबून कापड बघायला का यावं लागतं? त्यांनी जे सांगितलं ते मला इतकं रंजक वाटलं की मागचा कंटेनर भोंगा वाजवत होता तरी मला ऐकू आला नाही. आशियात विमानाने जाणारी माणसं वाढतायत, त्या म्हणाल्या, विमानंच पुरत नाहीत. मागवलेली नवी विमानं वेळेवर मिळत नाहीत, आहेत त्यातली काही इंजिनाची वाट बघत जमिनीवर उभी. मग जुनीच विमानं आणखी चालवायची, आणि प्रवाशाला ती जुनी वाटू नयेत म्हणून आतून नवी करायची.

"म्हणजे दिवाळीला सोफ्याला नवं कव्हर घालतात तसं," मी म्हणालो.

"तसंच. फक्त सोफ्याला सरकारी कागद लागत नाही."

युरोपात बऱ्याच देशांना मिळून एकच नियामक आहे, आमच्या भागात जितके देश तितके शिक्के, असं त्यांचं म्हणणं. एका देशात पास झालेलं कापड दुसऱ्या देशातला साहेब पुन्हा तपासतो. त्यात इंधनाचा खर्च डॉलरमध्ये आणि तिकीट विकायचं त्यांच्या चलनात, रुपियामध्ये. "म्हणून आमचे मालक मला सांगतात, स्वस्त बघ. आणि नियम मला सांगतो, नीट बघ. मी दोघांच्या मध्ये बसून प्रवास करते."

"मधली सीट," सायली मागून म्हणाली. त्या मनापासून हसल्या.

मग त्यांनी नाक वर केलं. "गाडीत वास फार छान येतोय. कसला?"

धुतलेल्या कापडाची पिशवी त्यांच्याच पायाशी होती. "एअर फ्रेशनर," मी म्हणालो. "नवीन घेतलंय."

मागून शांतपणे आवाज आला. "नाही. तुमच्यासाठी ठेवलेला नमुना आहे तो. काल माझ्या सासऱ्यांनी धुतला. सुगंधी औषध घालून."

कोंडी फुटली. मी इतका वेळ देवाकडे तेच मागत होतो, पण नेमक्या त्या क्षणी मला ती आणखी तासभर चालली असती. रत्नाताईंनी पिशवी उचलली, कापड हुंगलं, अंगठ्याखाली चोळलं.

"हाही जाळायचा," त्या म्हणाल्या. "आमचे सफाईवाले हेच करतात. त्यांना फक्त डाग दिसतो."

मानपाड्याला पोचेपर्यंत मेट्रोचे खांब एकामागून एक मागे जात होते आणि मी मनातल्या मनात चाकणचं घरभाडं काढत होतो.

सायलीचा कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली. एका कोपऱ्यात तिने जाळून बघायची पेटी करून घेतली आहे, काचेच्या दाराची. आत कापडाची पट्टी उभी टांगायची, खालून गॅसची ज्योत धरायची, ठरलेला वेळ झाला की बाजूला घ्यायची. ज्योत काढल्यावर पट्टी आपोआप विझली पाहिजे आणि तिच्यातून जळते थेंब पडता कामा नयेत. एवढंच. पण विमानात माणसाला पळायला जो वेळ मिळतो तो या एवढ्याशा गोष्टीतून मिळतो, असं सायली म्हणते.

ताग्यातून नवी पट्टी कापली. ज्योत लावली, काढली. पट्टी जरा काळी झाली आणि विझली. मी टाळी वाजवणार होतो.

मग माझी सुगंधी पट्टी टांगली. ज्योत काढली तरी ती जळत राहिली. वर चढत गेली, वाकली, थेंब गाळत पेटीच्या तळाशी पडली. खोलीत मोगऱ्याचा आणि जळक्याचा मिळून असा वास पसरला की शिवणाऱ्या बायकांनी मशिनं थांबवली.

रत्नाताईंनी पेन काढलं. "हे मला लिहावं लागेल."

"लिहा," सायली म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर मीही लिहिलं असतं." मग ती आतल्या कपाटाकडे गेली आणि गडद निळ्या कापडाचा दुसरा तागा घेऊन आली. "याच्यात लेप नाही, धागाच तसा आहे. महाग पडतं म्हणून तुम्हाला दाखवलं नव्हतं. वाटलं, स्वस्तच विचारणार."

"धुतलंय कधी?"

"नाही."

रत्नाताईंची मान हळूहळू माझ्याकडे वळली. "तुमचे सासरे हे धुतील का? जसं काल धुतलं होतं, अगदी तसंच?"

आयुष्यात माझ्या कुठल्याच कामाची कोणी पुन्हा मागणी केली नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणि तेच निळं औषध आणलं. सगळा कारखाना बघत असताना मी बादलीपुढे उकिडवा बसलो. "जास्त चोळू नका बाबा," सायली म्हणाली, "काल चोळलं होतंत तेवढंच." वर झाकणभर औषध. उत्साहात जरा जास्तच पडलं. "चालेल," रत्नाताई म्हणाल्या, "आमच्याकडेही जास्तच पडतं."

कापड पंख्याखाली टांगून आम्ही जेवायला गेलो. मागच्या गल्लीत भारतीताईंची खाणावळ आहे. त्या इथल्याच आगरी घरातल्या. तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी, कांद्यावर परतलेली).

"पावनीला चालंल का गो जवला?" त्यांनी सायलीला विचारलं.

रत्नाताईंनी घास घेतला आणि थांबल्या. "एबी," त्या म्हणाल्या. (एबी म्हणजे सुकी कोळंबीच.) "माझी आई करते. एनाक." (एनाक म्हणजे चविष्ट.)

भारतीताईंना शब्द कळला नाही, पण ताटात आणखी एक भाकरी पडली. मी मात्र नुसतं ताक प्यायलो. सायलीनेही भाकरीचे तुकडे केले आणि तसेच ठेवले.

परत आलो तेव्हा कापड वाळलं होतं. सायलीने पट्टी कापली, टांगली. ज्योत लावली. काढली.

विझली. लगेच, गुपचूप, जणू तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. तळाशी एक थेंब नाही. मोगऱ्याचा वास मात्र तसाच.

रत्नाताईंनी आणखी एक पट्टी मागितली, मग आणखी एक. सगळ्या विझल्या. "मालकांना सांगेन," त्या म्हणाल्या, "महाग कापड जास्त टिकेल आणि धुतलं तरी चालेल. आधी एका विमानापुरतं. मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल लागेल, मग तुमच्याकडचा कागद, मग आमच्याकडचा कागद."

"चालेल," सायली म्हणाली, आणि कधी नव्हे ती शिवणाऱ्या बायकांकडे बघून हसली. एक जण म्हणाली, "ताई, चाकण कॅन्सल?" सायलीने नुसती होकाराची मान डोलावली. मशिनं पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात, असं मला तरी वाटलं.

परतताना शिळफाटा टाळून कल्याणवरून आलो. दुर्गाडीच्या पुलावर रत्नाताईंनी गाडी हळू घ्यायला सांगितली. खाडीत भरती होती, कांदळवनाच्या वर एक विमान उतरणीला लागलेलं. त्या फोटो न काढता बघत राहिल्या. मीही बघितलं. आजवर विमान दिसलं की मला पंख दिसायचे, शेपूट दिसायचं. त्या दिवशी पहिल्यांदा आत बसलेली माणसं दिसली, आणि त्यांच्या पाठीमागचं कापड. मी पुष्कळ प्रवास केलाय, पण ज्या खुर्चीवर बसलो तिच्याकडे वळून कधी बघितलं नाही. बघायची वेळ आली नाही, हे माझं नशीब.

त्यांना हॉटेलवर सोडलं. "तेरिमा कासिह," (आभार) त्या म्हणाल्या, आणि मला वेगळा नमस्कार केला.

घरी मंगलला सगळं सांगितलं. बादलीचा भाग दोनदा. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, "विचार कर, त्या कव्हरांवर बसून किती माणसं कुठे कुठे जातील. पण एकालाही आठवणार नाही कापड कोणाचं होतं."

"नकोच आठवायला," मंगल म्हणाली. "खुर्चीचं कापड लक्षात राहिलं म्हणजे काहीतरी पेटलं असणार."