अपघातातल्या गाड्या मी धूत होतो

"तुम्हाला पीटीएसडी आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी विचारलं, "म्हंजे हार्टचंच का?"

"हार्ट बरोबर आहे तुमचं. पीटीएसडी म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. भयंकर प्रसंग होऊन जातो, पण मनाला आणि शरीराला तो अजून चालूच आहे असं वाटत राहतं."

"पण मॅडम, माझा अपघात झालाच न्हाई. मी नुसत्या गाड्या धुतो."

"कुठल्या गाड्या?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

शहागडला हायवेला लागून माझं वॉशिंग सेंटर आहे. अपघात झाला, पोलिसांचा पंचनामा आटोपला, गाडी सोडली, की क्रेनवाला रहीमभाई ती माझ्या रॅम्पवर आणायचा. बाकीचे सेंटरवाले नको म्हणायचे. मी घ्यायचो. ज्याचा बाप गेला त्याला गाडी न्यायला आल्यावर सीटवर रक्त दिसू नये, एवढंच मनात असायचं. खोटं कशाला बोलू, मला त्या कामाचा अभिमान होता.

रक्ताला गरम पाणी लावलं की ते कापडात धरून बसतं. थंड पाणी लागतं, मीठ लागतं, आणि सबुरी लागते. हे मी अनुभवातून शिकलो. काम करणाऱ्याचं पुढं काय होतं, ते मात्र कुणी शिकवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात लग्नाहून परतणारी एक जीप आली. सीटच्या शिवणीत अक्षता अडकल्या होत्या. फवारा मारला तरी निघेनात. मंग चिमटा घेऊन एकेक दाणा काढत बसलो. काही दाणे पिवळे होते. काही नव्हते. तीन तास गेले. घरी येऊन आंघोळ केली, भाकरी खाल्ली. त्या दिवशी मला काहीच झालं नाही.

दीड महिन्यानं केदारखेड्याला पुतणीचं लग्न होतं. मंगलाष्टका सुरू झाल्या. सगळे अक्षता टाकत होते आणि माझी मूठ उघडेना. घाम फुटला, छातीत धडधड, श्वास पुरेना. मंडपातच खाली बसलो. लोक म्हणाले, अटॅक आला.

ईसीजी काढला. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही झाली. पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट घेतली. सगळं नॉर्मल. रिपोर्ट चांगला आला की माणूस खूश होतो. मी प्रत्येक रिपोर्टला जास्त घाबरत गेलो, कारण धडधड तर थांबत नव्हती. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनी मानसोपचाराची चिठ्ठी दिली. ती मी पंधरा दिवस खिशात घेऊन हिंडलो.

"मी काय येडा हाय का?" बायकोवर खेकसलो.

सविता शांतपणे म्हणाली, "येडे न्हाई, दमले तुम्ही. त्या लग्नाच्या आधीपासून भाताला हात लावला न्हाई तुम्ही. ध्यानात आलं का?"

आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन जालन्याला या मॅडमकडं आली.

भात टाळणं याला मॅडमनी अव्हॉइडन्स म्हटलं. आठवण करून देणाऱ्या गोष्टीपासून माणूस नकळत लांब पळतो. लग्नात झाला तो पॅनिक अटॅक. धोका समोर नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. नावं कळली आणि निम्मं ओझं उतरलं.

गोळी सुरू झाली. पहिला आठवडा मळमळ. फरक पडायला महिना लागला. दर गुरुवारी काउन्सेलर सरांसमोर बसायचं आणि त्या जीपबद्दल पहिल्यापासून सांगायचं. तीन गुरुवार मी जीपचा दरवाजा उघडण्यापर्यंत यायचो आणि तिथंच अडायचो. चौथ्या गुरुवारी सगळं सांगितलं. पिवळे दाणे, लाल दाणे, सगळं. खूप रडलो. सरांनी मला रडू दिलं.

पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही. बंद काचांच्या गाडीत अजून बसवत नाही. पण भात खातो. अपघाताची गाडी सध्या घेत नाही, हे सांगायला मी रहीमभाईकडं गेल्तो. वाटलं चिडेल.

"तू दर गुरुवारी कुठं जाऊन राह्यला?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो टायरवर बसला.

"मी पत्रा कापून लोकं बाहेर काढतो ना," तो म्हणाला. "घरात बायकोनं डब्याचं झाकण उघडलं तरी दचकतो. मला वाटलं, उमर झाली."

"मंग चल माझ्यासंगं."

शवागारात काम करणारे, ॲम्ब्युलन्स चालवणारे, क्रेनवाले, रस्ता धुणारे, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एकच सांगतो. आपल्याला खरचटलंसुद्धा नाही, म्हणून आपल्याला काही झालं नाही असं समजू नका. मला सविता भेटली, विचारणारी डॉक्टर भेटली. माझं नशीब. तुम्ही नशिबाची वाट बघू नका.

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं एसटीनं जालन्याला गेलो. रहीमभाईचं नाव पुकारलं तेव्हा तो म्हणाला, "तू बी चल आत."

"तिथं एकट्यानंच बोलायचं असतं. मी हाय इथं बाकड्यावर."

पाऊण तासानं तो बाहेर आला. डोळे लाल झाले होते. रुमालानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाला, "पुढच्या गुरुवारी एसटी किती वाजता हाय?"